डॉल्फिनची पिशवी

दर शनिवारी पद्मिनीबाई ब्राह्मणपाऱ्यातल्या घरून निघत, दोन ऑटो बदलून कारखान्यांच्या वस्तीतल्या बीरगांवच्या शाळेत पोचत आणि वर्गात शिरण्याआधी व्हरांड्याच्या कठड्यावरून एक बोट फिरवत. बोट काळं होई. मग हात धुऊन त्या शिकवायला उभ्या राहत. कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर सहावीच्या पोरांना शिकवायचं त्यांनी आपणहून पत्करलं होतं. पोरं हिंदीत विचारत, बाई मराठी-हिंदीची खिचडी करून उत्तर देत. दोघांचंही भागत असे.

त्या शनिवारी त्यांनी कॉलेजातून टाकून दिलेली एक बरणी आणली. तिच्यात दोन बोटं जाड, साबणाच्या वडीसारखा पांढरा तुकडा होता. ओडिशाच्या किनाऱ्यावर मरून पडलेल्या डॉल्फिनची चरबी. तिच्यात विष साठलंय, बाईंनी सांगितलं.

"मैडम, इसमें ज़हर कहाँ है? दिखता तो नहीं," पायल म्हणाली. पायल अकरा वर्षांची. जन्मापासून बीरगांवातच राहिलेली.

"दिसत नाही, बेटा. म्हणून तर खेळून बघायचं."

खेळ त्यांचा स्वतःचा होता. परातभर तांदळात मोजून चाळीस काळे तीळ मिसळायचे. दहा मुलं म्हणजे छोटे मासे. त्यांनी मुठीमुठीने आपापली पिशवी भरायची. मग तांदूळ काढून टाकायचे, कारण अन्न पचतं. तीळ ठेवायचे, कारण कारखान्यांतली काही रसायनं पचत नाहीत, चरबीत जाऊन बसतात. दोन मोठे मासे पाच-पाच छोट्यांना खाणार, म्हणजे त्यांच्या पिशव्यांतले तीळ आपल्या पिशवीत ओतून घेणार. शेवटी डॉल्फिन दोघांना खाणार. परातीत कुठेकुठे दिसणारे तीळ डॉल्फिनच्या पिशवीत एका जागी गोळा होत. चाळीसच्या चाळीस.

पायल डॉल्फिन झाली. तिने पिशवी टेबलावर उलटी केली आणि मोजलं.

"एक सौ इकतीस."

"चावटपणा पुरे," बाई हसून म्हणाल्या. पोरांनी घरून तीळ आणले असणार.

पुढच्या शनिवारी त्यांनी बारीक टाक्यांच्या नव्या पिशव्या शिवून आणल्या. पोरांचे खिसे पाहिले. तीळ स्वतः मोजले. पायलचे पुन्हा एकशे एकतीस. श्रावणी डॉल्फिन झाली; तिचं कुटुंब दोनच महिन्यांपूर्वी गडचिरोलीहून आलं होतं. तिचे बेचाळीस. सात वर्षं इथे राहिलेल्या इंद्रजीतचे अठ्ठ्याण्णव. शेवटी बाईंनी स्वतः पिशवी धरली. त्यांचे पंचेचाळीस.

घरी त्यांनी जास्तीचे दाणे तपासले. दाताखाली धरून पाहायचा धीर झाला नाही. कोमट पाण्यात टाकले. तळाशी तसेच पडून राहिले. मग चमचाभर गोडेतेलात टाकले. बाई बघत असतानाच ते विरघळले. तेल आधीइतकंच स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी ते तेल फेकलं नाही. चिठ्ठी लावून, बाटलीत भरून ठेवलं.

विज्ञान प्रदर्शन आठवड्यावर आलं तेव्हा मुख्याध्यापिका मंजिरी मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. मंजिरी नागपूरची; आठ वर्षांपासून शाळेच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहत होती. तिचं दहा महिन्यांचं पहिलं बाळ आयाबाई इंदूच्या कडेवर शाळेतच असायचं.

"मॅडम, तुम्ही काहून मले अडचणीत टाकून राहिल्या? पाहुणे म्हणून कारखान्याचे साहेब येऊन राहिले. तुमचा तक्ता भिंतीवर पाहिला मी. प्रत्येक पोट्ट्याचं नाव अन् समोर आकडा!"

"आलेला आकडा आहे."

"चाळीसचे एकशे एकतीस होतात कधी? लोक हसतील. खेळ दाखवा, पण चाळीसच म्हणा ना."

"मंजिरी, मोजायला मीच शिकवलं त्यांना. आता मोजलेलं खोडायला शिकवू? तक्ता राहील. नको असेल तर मलाच काढा शाळेतून."

मंजिरीने पेपरवेट कागदांवर ठेवला. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग सर्वांसमोर डॉल्फिन मी होते. माझे चाळीस निघाले की तक्ता उतरवायचा. कबूल?"

"कबूल."

प्रदर्शनाच्या दिवशी अकरा वाजता पत्र्याच्या हॉलमध्ये पालक दाटीवाटीने बसले होते. टेबलामागच्या भिंतीवर तक्ता टांगला होता. साहेब पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी बाळाला मांडीवर घेऊन इंदू. पायलने माइक धरला. भाषण तिचं तिने लिहिलं होतं. बाईंनी फक्त शुद्धलेखन पाहिलं होतं.

तीळ साहेबांनीच मोजून टाकले. छोटे मासे झाले, मोठे मासे झाले. मंजिरीने मोठ्या माशांचे तीळ आपल्या पिशवीत ओतून घेतले, पिशवी हलवली आणि टेबलावर उलटी केली.

बाईंच्या मनात हिशोब होता. आठ वर्षं. शंभराच्या वरच निघणार.

पायलने मोजले. पुन्हा मोजले.

"सात."

मंजिरीने पिशवी आतून बाहेर करून दाखवली. एक दाणा नव्हता.

"देखा!" साहेब मोठ्याने हसले. "हमारे यहाँ तो ज़हर घट गया, मैडम!"

हॉल हसला. मंजिरीही हसली. रिकामी पिशवी सरळ करून तिने सहज बाळाच्या हातात दिली आणि तक्त्याकडे वळली.

पायल हसली नव्हती. भाषणाचा कागद तिच्या हातात होता आणि पुढचं वाक्य यायचंच होतं. तिने ते वाचलं.

"सिर्फ़ माँ डॉल्फिन का ज़हर घटता है। जब उसका पहला बच्चा होता है। वो दूध के साथ बच्चे में चला जाता है।"

हसू मागच्या रांगेपर्यंत पोचलं होतं, तिथेच थांबलं.

मंजिरीचा हात तक्त्याच्या खिळ्यावर होता.

साहेब उठले. "अच्छा, बहुत हो गया। बच्ची है, कुछ भी रट लेती है।"

"बसा, साहेब," पद्मिनीबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता. "मुलीचं बोलणं संपलेलं नाही."

"मैडम, प्रोग्राम—"

"बसा."

हे मंजिरी म्हणाली होती. तिचा हात खिळ्यावरून खाली आला. तक्ता जागेवर होता. तिने टेबलावरचं स्केचपेन उचललं आणि यादीच्या शेवटी स्वतःचं नाव लिहिलं. नावापुढे सात लिहिलं. त्याच्याखाली बाळाचं नाव लिहिलं आणि समोरची जागा मोकळी सोडली.

"पायल, पुढचं वाच," ती म्हणाली. "जोराने."

पायलने कागद वर धरला, पण वाचलं नाही. ती पहिल्या रांगेकडे बघत होती. इंदूही खाली बघत होती, आणि तिने आपले हात बाळापासून थोडे दूर घेतले होते.

बाळ खुशीत होतं. रिकामी पिशवी मुठीत धरून ते खुळखुळ्यासारखी हलवत होतं.

पिशवी वाजत होती.