चौथं पिंप

"साहेब, ही शर्यत आहे, तर गाड्या एकेकट्याच का पळतात? हरवायचं तरी कुणाला?"

हे विचारायची सुभद्राची छाती होणार नाही, अशी तिच्या वर्गातल्या शालन आणि ज्योतीरामने पैज लावली होती. सुभद्राने थेट शर्यत भरवणाऱ्या मोटार क्लबच्या अर्जुनरावांनाच गाठलं.

"घड्याळाला," हॅट सावरत ते म्हणाले. "चुन्याच्या रेघांमधून, पिंपांना वळसे घालत यायचं. पिंप हललं की दंड. वाटेत पिंप आडवं झालं की लाल निशाण, मग गाडी जागच्या जागी थांबवायची. आणि नवख्याने आधी सगळी वाट पायी फिरून बघायची."

आज सुभद्राचे बाबा, मारुतराव, नवखेच होते. चिंचवडच्या उद्धवराव कंत्राटदारांकडे ते जीप चालवत. मालकांनी आजच्यापुरती ती दिली होती, कारण उद्या ती विकली जाणार होती. म्हणजे बाबांची ही पहिली फेरी, आणि बहुधा शेवटचीही. आठवडाभर ते ताटात कांद्याच्या फोडी मांडून वळणं घेत होते. "आधी जेवा, मग गाडी हाका," असं आई रोज म्हणायची.

सकाळी बाबांबरोबर तिघंही शर्यतीच्या माळावर, दिघीला, वाट फिरून आले. आपली पाळी येईपर्यंत पडलेली पिंपं उभी करायची, हेही नवख्यांचंच काम. बाबांच्या वाट्याचं ते काम तिघांनी मागून घेतलं आणि तिथेच विचित्र प्रकार दिसला. गाडी चांगली लांबून गेली तरी चौथं पिंप कलायचं.

"वारा असेल," ज्योतीराम म्हणाला.

"वारा काय एकट्या चौथ्यालाच ओळखतो होय रे?" सुभद्रा म्हणाली.

शालन दिघीचीच. तिने तिथे टाच आपटली. आवाज पोकळ आला, तसा तिचा चेहरा उतरला.

"सुभे, हितं आमचं खळं हुतं. खळ्याच्या कडंला पेव. घर बुडंल येवढा खड्डा खणून त्यात जोंधळा साठवायचे. वर नुसत्या फळ्या न् माती हाय."

तिघं धावत अर्जुनरावांकडे गेले आणि पेवाचं सांगितलं.

"सकाळपासून गाड्या जातायत. काही झालं? मग बाजूला व्हा."

"पण त्या लहान गाड्या होत्या! आता जीप येतेय!"

त्यांनी पाठ फिरवली. तेवढ्यात जीप सुटलीच. बाबा हसत होते. इतकं खूश सुभद्राने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आता ही फेरी मोडायची तर ती आपणच मोडायची, दुसरं कुणी मोडणार नाही, हे तिला कळलं आणि रडूच आलं. रडत रडतच तिने दुसरं पिंप लाथ मारून आडवं केलं.

लाल निशाण वर गेलं. जीप धुळीत करकचून थांबली.

"तू?" बाबा खाली उतरत म्हणाले.

"पोरखेळ आहे का हा?" अर्जुनराव तरातरा चौथ्या पिंपाशी गेले. "हे बघा. कातळ आहे, कातळ." त्यांनी बूट आपटला, आणि पाय मांडीपर्यंत आत गेला. ज्योतीराम आणि शालनने त्यांना काखेत धरून ओढलं. बूट मात्र आतच राहिला. मागोमाग पिंप खाली गेलं. ते तळाला आदळल्याचा आवाज केवढ्या तरी वेळाने आला.

एका बुटावर उभे राहून अर्जुनरावांनी तिघांच्या पाठीवर हात फिरवला. "आज तुम्ही एका माणसाचा जीव वाचवलात. मी गावात एका शब्दाने विचारलं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, पण त्यांची नजर जीपवरच होती.

मैदान बंद झालं. संध्याकाळी बाबांनी जीपची किल्ली उद्धवरावांच्या हातात दिली. घरी येऊन ते उंबऱ्यातच बसले.

"जीव वाचला, पोरी. चांगलंच केलंस तू. पण मला ती फेरी हवी होती गं."

आईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. सुभद्राला वाटलं, आता जन्मभर बाबांचा चेहरा असाच राहणार. तिने डोळे पुसले आणि ती दोघांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. पुढच्या खेपेला मैदान आखताना मी तिथे असणार. अर्जुनरावांना तसं सांगूनच आलेय. आधी गावात विचारणार, मगच चुना पडणार. गाडी कुठून आणायची ते मला माहीत नाही. पण पहिली फेरी बाबांची."