फक्त रविवारी बिघडणारी लाइन

सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही, तुमचाही बसणार नाही; पण त्या घराची टेलिफोन लाइन इतकी लांब होती, की एक्स्चेंजमधून सकाळी निघालेलं इंटरनेट घरी पोचेपर्यंत दमून उंबऱ्यावरच फतकल मारायचं. वाटेत तारेवरची पाखरं त्यातलं निम्मं टिपून खायची, ते वेगळंच.

त्या घरातली मुलगी कर्णबधिर मुलांना हाताच्या खुणांनी गोष्टी सांगायची... घरबसल्या, व्हिडिओवर. गोष्टीतला हत्ती सोंड उचलायचा, आणि पडद्यावर तिचा हात तिथेच थिजायचा. मुलं ताटकळायची. शेवटी शाळेने कळवलं, महिनाअखेरपर्यंत चित्र सुधारलं नाही, तर शहरात राहायला या. म्हणजे म्हाताऱ्या बापाला एकटं टाकून जायचं.

अशात एका दुपारी दार वाजलं. उघडलं तर समोर नुसती शिडी. शिडीच्या दोन पायऱ्यांमधून दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

"लाइनमन," डोळे म्हणाले. "राउटर कुठेय?"

"स्वयंपाकघरात. फ्रिजवर."

"आणि लाइन घरात शिरते कुठून?"

"ही काय, या दारापाशी."

"म्हणजे एवढ्या लांबून चालत आलेल्या पाहुण्याला तुम्ही आधी सगळ्या खोल्यांतून फिरवता, आणि मग फ्रिजवर चढवता?"

"पाहुण्यांची फारच काळजी तुम्हाला. स्वतः बसणार की शिडीला टेकूनच राहणार?"

तो बसला नाही. खोल्याखोल्यांतून गेलेल्या जुन्या वायरी त्याने सोडवल्या, राउटर दारापाशी पहिल्याच सॉकेटला जोडला, खांबावरचा गंजलेला जोड बदलला. "बाहेरची लांबी काही मला कमी करता येणार नाही," तो जरा ओशाळून म्हणाला. "घरातली तेवढी केली."

त्या संध्याकाळी हत्तीने सोंड उचलली – आणि खालीही आणली. पलीकडे मुलं खिदळली. ती वळून बघते, तर हा अजून दारात उभा, तिच्या हातांकडे बघत. नजरानजर झाली तशी त्याने घाईघाईने शिडी उचलली, ती चौकटीला थडकली.

नोकरी वाचली. तिचं टेबल आता दारासमोर आलं, आणि का कोण जाणे, तिचं लक्ष रस्त्याकडे जायला लागलं.

रविवारी लाइन मेली. तो आला, सॉकेट उघडलं, सुटलेली वायर जोडली, चहा घेतला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

"आठवडाभर ठणठणीत असते," तो म्हणाला. "सुट्टी आली की हिला धाड भरते."

"तुम्हीच स्क्रू ढिला ठेवत असाल. एखाद्याला चहाची सवय लागते..."

"मी? मला वाटलं, तुम्हीच वायर काढता."

"मी कशाला काढू?"

"मी... यावं म्हणून."

कपात चमचा उगाच फिरत राहिला.

"म्हणजे मी यावं असं तुम्हाला वाटत नाही?"

"असं कुठे म्हटलं मी?" ती कपाकडे बघत म्हणाली.

मग त्याने कप खाली ठेवला. दारात उभं राहून चोरून शिकलेल्या खुणा तो एकेक करून जुळवू लागला. मी... रोज... येऊ? पण 'रोज'च्या जागी हात भलतीकडेच वळला.

"मी हत्ती येऊ?" तिने वाचलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने त्याची बोटं धरून खूण नीट करून दिली. मग हात सोडायचं काही तिच्या लक्षात राहिलं नाही.

आता तुम्ही विचाराल, त्या दोघांनी नाही, तर वायर काढायचं कोण? उंदीर. त्या घरात एक म्हातारा उंदीर होता. फार समंजस. मुलीची शाळा असेल त्या दिवशी वायरीकडे ढुंकूनही बघायचा नाही. रविवारी मात्र—

"सासरेबुवा," पोरीला मांडीवर थोपटणारा जावई म्हणाला, "उंदीर स्क्रू फिरवून वायर काढतो, आणि वर झाकणही परत लावून ठेवतो?"