अंधाऱ्या विश्वाची लेखिका

खेळांच्या दुकानात ती जरा घाईने वळली आणि तिच्या खांद्यावरच्या पिशवीने टेबलावरचं अख्खं सैन्य आडवं केलं. अंगठ्याएवढे काळे शिपाई, मोडक्या मनोऱ्यांचं जहाज... सगळं जमिनीवर!

"अगं बाई — माफ करा हं!"

"माझी नको, त्यांची मागा," समोरचा तरुण गुडघ्यांवर बसून शिपाई गोळा करत म्हणाला. "आधीच बिचारे ताऱ्यांपलीकडे मरायला निघालेत."

ती खुदकन हसली. तो लहान मुलांचा दंतवैद्य; दुकानात सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. दिवसभर किडके दात, संध्याकाळी हे शिपाई रंगवणं आणि लढवणं. या खेळाच्या विश्वावर निघणाऱ्या भीषण, काळोख्या कादंबऱ्याही त्याने झपाटल्यासारख्या वाचल्या होत्या.

"कशा आहेत?" तिने विचारलं... अगदी सहज विचारल्यासारखं.

"झकास! पण लेखकाला प्रेमाचं वावडं आहे. कप्तान त्या लढवय्या जोगिणीवर जीव टाकतो — आणि हा बाबा त्याला उजाड जहाजावर एकटाच मरू देतो. दगड आहे, दगड!"

तिचे कान तापले. कारण तो 'बाबा' तीच होती, टोपणनावाने लिहिणारी.

तरी पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. मग येतच राहिली. तो डाव समजावून सांगायचा आणि ती मुद्दाम चुकायची, म्हणजे तो पुन्हा सांगेल. एकदा रंगवताना ब्रश देता-घेता बोटांना बोटं लागली आणि जोगिणीच्या बाहुलीचं नाक लालभडक झालं... किती हसले दोघं! पण खरं सांगायचा धीर होईना. कळल्यावर हा असाच मोकळा बोलेल? की नुसती सही मागेल?

शेवटी एका संध्याकाळी तिने डोळे मिटून सांगून टाकलं.

त्याचा हात हवेतच राहिला. "म्हणजे... मी तुम्हालाच तोंडावर दगड म्हणालो?"

"बऱ्याचदा."

तो कानांपर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "का मारलंत हो त्या कप्तानाला?"

"सुखात असलेली माणसं एकमेकांशी काय बोलतात, तेच ठाऊक नव्हतं मला," ती म्हणाली. "आता... जरा जरा कळायला लागलंय."

"डॉक्टर, तुमचा डाव!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. त्याने ऐकलंच नाही.

"मग थांब ना... माझ्यासोबत. म्हणजे — कायमचीच."

"'थांब' म्हणालास?"

"चुकून..."

"मग अशाच चुका करत जा," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्या अगदी शेजारी बसली.