तिसऱ्या ठोक्याचे फासे

पुण्यातल्या यदृच्छा-मापन केंद्रात येणाऱ्या तक्रारी सहसा मोठ्या असत. घरांच्या सोडतीत एकाच इमारतीतल्या लोकांची नावं कशी निघाली, नव्या औषधाच्या चाचणीत रुग्णांची विभागणी खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली की कोणी हातचलाखी केली, असे प्रश्न तिथे सोडवले जात. जे नशिबावर सोडलं आहे ते खरोखर नशिबावरच सोडलं आहे का, एवढं तपासून सांगणं हे केंद्राचं काम. डॉ. हेमांगी रेगे केंद्राच्या प्रमुख होत्या आणि आजवर त्यांचा एकही निष्कर्ष कोर्टात मोडला नव्हता.

भालचंद्र केळुसकर त्यांच्यासमोर येऊन बसले ते एक जुनी सूटकेस घेऊन. व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस ऐंशीच्या घरात होता, पण सूटकेस त्यांनी स्वतःच उचलून टेबलावर ठेवली. आत टॉवेलात गुंडाळलेला एक होम कॉम्प्युटर निघाला. पाटीएवढा, काळा, रबरी बटणांचा. टीव्हीला जोडून चालवायचा.

"पंचाऐंशी साली हॅम्बुर्गला घेतला," केळुसकर म्हणाले. "यात एकच खेळ आहे, बॅकगॅमन. आपल्या चौसरासारखाच, फासे टाकायचे आणि सोंगट्या घरी न्यायच्या. बंदराबंदरांत शिकलो मी तो. सुट्टीवर आलो की रोज दुपारी यंत्राशी खेळायचो, निवृत्त झाल्यापासून तर खंड नाही. चार डावांतले तीन मी जिंकतो. म्हणजे जिंकायचो."

"आणि आता?"

"आता यंत्र लबाडी करतंय. मला नुसते एक्के आणि दुऱ्या. गेलं वर्षभर. मुलगा म्हणतो, बाबा, नशीब आहे. नशीब वर्षभर एका बाजूला बसून राहत नाही, डॉक्टर. मी इंजिनिअर आहे. कुठेतरी बिघाड आहे आणि तो मला समजून घ्यायचाय."

हेमांगींना हसू आलं नाही. सलग हरणारा माणूस फाशांना दोष देतो हे त्यांना माहीत होतं. पण हा माणूस आधी जास्तच जिंकत होता असंही सांगत होता, आणि तक्रारदार तसं कधी सांगत नाहीत. "ठेवून जा," त्या म्हणाल्या. "आठवड्याने या."

यंत्र त्यांनी इरफान काझीकडे दिलं. इरफान केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. जुन्या चिप त्याला विशेष आवडत, कारण त्यांच्या पोटात काय चाललंय ते अजून माणसाला वाचता येत असे. त्याने प्रोग्राम ओळीओळीने उलगडला, एक यांत्रिक बोट बनवून बटणावर बसवलं, आणि तिसऱ्या दिवशी हेमांगींना हाक मारली.

"मॅडम, यात फासे नाहीतच."

"म्हणजे?"

"तुमची पाळी आली की यंत्र दोनदा वाजतं. टुक्, टुक्. दुसऱ्या टुक्‌बरोबर आत एक गणती सुरू होते. एक-एक, एक-दोन, एक-तीन, अशी सहा-सहापर्यंत. सगळ्या छत्तीस जोड्या ओळीने, मग पुन्हा एक-एक. एका जोडीला सेकंदाचा पन्नासावा भाग. तुम्ही बटण दाबलंत की गणती जिथे असेल तिथे थांबते. तोच तुमचा फासा."

"रहाटपाळण्यासारखं. हात पुढे कराल तेव्हा जो पाळणा समोर असेल तो तुमचा."

"बरोबर. आणि पाळणा दर वेळी त्याच जागेवरून सुटतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने विचार केला असणार, माणूस बटण कधी दाबेल याचा काय नेम? म्हणून दाबण्याची वेळ हीच यदृच्छा."

हेमांगी खुर्ची ओढून बसल्या. "पण माणसाच्या बोटाला नेम असतो. दोन टुक् ऐकल्यावर तिसरा ठोका आपल्या मनात आपोआप वाजतो. टाळ्यांचं तसंच होतं, कोणी न सांगता जुळतात. लयीत दाबणारा माणूस तिसऱ्या ठोक्यावरच दाबेल. तिसरा ठोका गणतीत कुठे येतो?"

इरफानने यांत्रिक बोटाला दोन टुक्‌मधलं तेवढंच अंतर दिलं, माणसाचा हात असतो तसं किंचित मागेपुढे. पडद्यावर सहा-तीन आले. मग सहा-चार, सहा-तीन, सहा-पाच. त्याने मागे वळून पाहिलं. "चाळीस वर्षं हा माणूस सहाच्या घरात बोट टाकत होता. त्याला पत्ताही नसेल."

"आता दशांश सेकंद उशीर कर."

सहाच्या ओळीनंतर गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. एक-दोन आले. मग एक-एक. मग एक-तीन. जे केळुसकरांनी सांगितलं होतं तेच.

"चिप बदललेली नाही?" हेमांगींनी विचारलं.

"गणतीची लय धरणारा स्फटिक तपासला, घड्याळ तपासलं. पहिल्या दिवशी होतं तसं आहे. बिघडायला यात काही नाहीच."

"यंत्र बदललं नाही आणि फासे बदलले. मग बोट बदललंय, इरफान. दशांश सेकंदाने मंद झालंय. इतकं की स्वतःला कळणार नाही, घरच्यांना दिसणार नाही. पण एका वर्षात चाळीस वर्षांची लय सुटते ती नुसत्या वयाने नाही."

"कंपवात?"

"शक्यता आहे. हाताला कंप सुटण्याआधी कित्येक वर्षं हालचाली अशाच किंचित रेंगाळायला लागतात. तेव्हा रोग धरता आला तर आताची औषधं त्याला बराच काळ थोपवून धरतात. अडचण एवढीच, की तेव्हा डॉक्टरकडे जातं कोण?"

केळुसकर आले तेव्हा हेमांगींनी त्यांना सगळं दाखवलं. गणती, यांत्रिक बोट, तिसरा ठोका. इंजिनिअरला समजायला वेळ लागला नाही. सहाच्या ओळीपुढे एक-एक लागून येतो हे पाहताच त्यांनी मान डोलावली.

"म्हणजे यंत्र सच्चं आहे," ते म्हणाले.

"हो."

"आणि बिघाड माणसात आहे."

"मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा भेटा, साहेब. डॉ. शिरोडकर माझ्या ओळखीचे आहेत. मी आजच फोन करते."

"मी या हातांनी चालत्या इंजिनात स्पॅनर घातलेत, डॉक्टर." त्यांनी हात पुढे धरले. जाड बोटांचे, रुंद, अगदी स्थिर हात. "पण तुमचा हिशोब मला मान्य आहे. जातो."

चार दिवसांनी शिरोडकरांचा फोन आला. "हेमांगी, या माणसाला काही झालेलं नाही. मेंदूची प्रतिमा घेतली, बोटांच्या सगळ्या चाचण्या घेतल्या. साठीच्या माणसालाही लाजवेल असा हात आहे. कंपवाताचा मागमूस नाही."

इरफानने हळूच सुचवलं, "मॅडम, त्यांच्या घरचा टीव्ही असेल. नाहीतर विजेचा दाब. आपला तर्क चुकला असेल."

"टीव्हीने चित्र उशिरा दिसेल, पण टुक् यंत्राच्या पोटातून येतं. विजेच्या दाबाने स्फटिक हलत नाही, हे तूच मला शिकवलंस." हेमांगींनी यंत्र टॉवेलात गुंडाळलं. "तर्क चुकलेला नाही. आपण काहीतरी पाहिलेलं नाही, एवढंच. यंत्र परत द्यायचंच आहे, मी घेऊन जाते. तिथे बसून डाव बघते."

केळुसकर अलिबागला राहत. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीतून नारळांचे शेंडे आणि त्यांच्यावरून समुद्राची पट्टी. दार उघडलं ते त्यांच्या पत्नीने. मालिनीबाई सडपातळ, नीटनेटक्या, लग्नाआधी आणि नंतरही बंदरावरच्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या. त्यांनी कोकम सरबत पुढे केलं.

"यांनी तुम्हाला फार त्रास दिला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले हात ठणठणीत आहेत, तेव्हापासून घरात नुसती ऐट चाललीय."

"त्रास कसला? मला फक्त एक डाव बघायचाय. साहेब, रोज खेळता तसाच खेळा."

केळुसकरांनी यंत्र टीव्हीला जोडलं. मग ते मागे जाऊन आरामखुर्चीत बसले, चष्मा लावला आणि पाय लांब केले. मालिनीबाई पदराला हात पुसत आल्या आणि यंत्रासमोरच्या स्टुलावर बसल्या.

हेमांगींच्या हातातला पेला तसाच राहिला.

"तुम्ही दाबता बटणं?"

"मीच. यांच्या बोटाखाली दोन-दोन बटणं येतात. घेतलं त्याच महिन्यात जिंकलेला डाव यांनी असाच घालवला. तेव्हापासून हे मागे बसून चाल सांगतात, मी दाबते. टायपिंगचा हात ना माझा."

टुक्, टुक्. मालिनीबाईंनी बटण दाबलं. एक-दोन.

"बघा," केळुसकर म्हणाले. "सुरुवातच बघा." त्यांनी चाल सांगितली, मालिनीबाईंनी आकडे दाबले. यंत्र खेळलं. पुन्हा टुक्, टुक्. यावेळी हेमांगींनी पडदा पाहिला नाही, बोट पाहिलं. लांब, सुबक बोट बटणावर आधीच टेकलेलं होतं. ते खाली जायला निघालं, आणि निघता निघता किंचित थबकलं. एक-एक.

त्यांनी वर पाहिलं तर केळुसकरही आता पडदा बघत नव्हते. ते पुढे झुकून बायकोच्या हाताकडे बघत होते. यंत्र त्यांना ओळीओळीने समजावलं होतं, आणखी काही सांगायची गरज नव्हती. डाव आपला म्हणजे बोटही आपलंच, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. त्यांचा चेहरा उतरत गेला. तिसऱ्या पाळीला टुक् वाजलं तेव्हा ते उठले आणि त्यांनी बायकोचा हात बटणावरून हलकेच उचलून आपल्या हातात घेतला.

"अहो, डाव चाललाय," मालिनीबाई म्हणाल्या.

"असू दे. मालू, उद्या आपण पुण्याला जायचं. शिरोडकरांकडे."

"पुन्हा? त्यांनी तुम्हाला बरं म्हणून सांगितलंय ना?"

"मला सांगितलंय."

मालिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग हेमांगींकडे. "ताई, तुम्ही सांगा. काय झालंय?"

हेमांगींनी स्टूल ओढलं, त्यांच्या शेजारी बसल्या आणि साध्या शब्दांत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मालिनीबाईंनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"मला वाटलं बटण जड झालंय," त्या शेवटी म्हणाल्या. "जुनं रबर, कडक झालं असेल. ब्लाऊजची हुकंही अशीच जड झालीत, त्यांना मी नवीन म्हणून दोष देत होते." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे नवी ओळख झाल्यासारखं पाहिलं. "बरं होईल?"

"झालेलं पुसता येत नाही. पण आहे तिथे बराच काळ थोपवता येतं, आणि तुमचं फार लवकर कळलंय. इतक्या लवकर शिरोडकरांकडे सहसा कोणी पोहोचत नाही."

शिरोडकरांनी चाचण्या केल्या आणि तेच सांगितलं. कंपवाताचा अगदी पहिला टप्पा. नेहमीच्या तपासणीत तो आणखी चार-पाच वर्षं तरी दिसला नसता. औषध सुरू झालं. मात्रा ठरवण्यासाठी बोटाची गती रोज मोजायला हवी होती, आणि त्यासाठी अलिबागच्या घरात आधीपासूनच एक मापक होता. इरफानने यंत्राला एक छोटी नोंदपेटी जोडली. तेव्हा त्याने विचारलंही, ज्याचा नेम कोणालाच सांगता येत नाही अशा अणुविघटनावर चालणारे खरे फासे यात बसवून देऊ का, मग खेळही निर्दोष होईल. केळुसकर म्हणाले, "निर्दोष फाशांनी हिचा आजार मला सांगितला नसता. हात लावू नका."

नोंदपेटी जोडली त्या दुपारी हेमांगीही तिथे होत्या. केळुसकर सवयीने आरामखुर्चीकडे निघाले, तेवढ्यात मालिनीबाई म्हणाल्या, "आज चाल सांगू नका."

"मग कोण सांगणार?"

"इतकी वर्षं फासे मी टाकले असं ही मंडळी म्हणतात. आता सोंगट्याही मीच हलवते."

"अगं, तुला खेळ कुठे येतो? बटणं दाबणं वेगळं."

"बसा तुम्ही."

केळुसकर बसले. फासे वाईटच पडत होते, औषधाचा गुण यायला अजून अवकाश होता. एक-दोन, एक-तीन, पुन्हा एक-दोन. मालिनीबाईंनी घाई केली नाही. त्या सोंगट्या पुढे दामटत नव्हत्या, लहान लहान चालींनी दोन-दोन सोंगट्या एकत्र आणून, यंत्राला उतरता येणार नाही असं एकामागे एक घर बांधत गेल्या. एकदा त्यांनी आपली एक सोंगटी मुद्दाम उघडी ठेवली. केळुसकरांनी तोंड उघडलं आणि हेमांगींकडे बघून मिटलं. यंत्राने ती सोंगटी मारली, आणि त्यासाठी त्याची स्वतःची सोंगटी घरातून बाहेर आली. मालिनीबाईंना तेवढंच हवं होतं. त्यांनी ती टिपून पटाबाहेर काढली, आणि ती परत पटावर येऊ शकणार नाही अशी सहा घरं तिच्यापुढे भिंतीसारखी बांधून टाकली. यंत्र पाळीमागून पाळी थांबून राहिलं. त्या वेळात एकेक, दोनदोन घरं चालत मालिनीबाईंच्या सगळ्या सोंगट्या घरी पोहोचल्या.

पडद्यावर यंत्राने हार मानली.

केळुसकर बराच वेळ त्या पटाकडे बघत राहिले. इंजिनिअर माणूस, हिशोब आपोआपच होत होता. फासे चांगले होते तेव्हा ते जिंकत होते, फासे बिघडले तेव्हा हरत होते. आणि आज त्याच बिघडलेल्या फाशांवर डाव जिंकला गेला होता.

"मालू," त्यांनी विचारलं, "ही भिंत बांधायला तू कुठे शिकलीस?"

"इथेच. अर्धी उभी राहिली की तुम्ही चाल सांगून ती दरवेळी मोडायचात," मालिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या डावासाठी बटणावर बोट ठेवलं.