गरम बर्फपेटीचा माग

"वर घे, अजून वर! ऑगी, तुझ्या बाजूला केवढा झोल पडलाय बघ," डेलिया खालून म्हणाली.

"मग तूच चढ की शिडीवर," ऑगी म्हणाला. "खाली उभं राहून हुकूम सोडायला काय जातंय?"

"मी चढू?" बर्डीने विचारलं. ऑगीची ही धाकटी बहीण केव्हाही, कशावरही चढायला तयार असे. म्हणूनच तिला कुणी उत्तर दिलं नाही.

शेवटी एकदाचा फलक लागला. जुन्या पांढऱ्या चादरीवर लाल रंगात लिहिलं होतं, 'या, बसा, जेवा. सगळ्यांना फुकट.'

नोव्हेंबर अखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी चालू होती आणि दुपारी टॅनर फॉल्सच्या शाळेचा फुटबॉलचा सामना होता, तोही ब्रॅडी क्रीकशी. सामन्याआधी मैदानाबाहेर गाड्या लावायच्या, मागची फळी पाडायची आणि तिथेच शेगड्या पेटवून खायचं, हे टेलगेट गावात कुणाला नवं नव्हतं. पण दर वर्षी जो तो आपापल्या गाडीमागे खाई. कपबशांचा कारखाना बंद पडल्यापासून कितीतरी गाड्यांमागे शेगडी पेटतच नव्हती. ती माणसं मान खाली घालून थेट आत जाऊन बसत. त्यांच्याकडे बघवत नसे. म्हणून यंदा ठरलं होतं, एकच टेलगेट करायचं, सगळ्या गावाचं.

आणि मांस शिजवायचं काम मिळालं होतं डेलियाच्या बाबांना, वॉल्ट कोवाचना.

ते मिळणं सोपं नव्हतं. कारखाना गेला तसे बाबा प्यायला लागले होते. मार्चमध्ये आईने त्यांना सरळ घराबाहेर काढलं. तेव्हापासून ते टायरच्या दुकानावरच्या खोलीत एकटे राहत. उन्हाळ्यापासून एक थेंब घेतला नाही, असं ते सांगत. आई म्हणाली होती, "हे एक काम नीट पार पाड. मग नाताळात घरी येण्याचं बघू." डेलियाने हे दाराआडून ऐकलं होतं आणि तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. आज दुपारी आई जेवायला यायची होती.

बाबांची गाडी आली. ते पावांचे खोके उतरवू लागले, तेव्हा त्यांचा कॉफीचा थर्मास फळीवर उघडाच होता. डेलियाने इकडेतिकडे पाहिलं आणि पटकन त्याला नाक लावलं.

नुसती कॉफी होती.

मान वर केली तर बाबा तिच्याकडेच बघत होते. त्यांनी पुढचा खोका उचलला. डेलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनी रात्रभर मंद धुरावर डुकराच्या मांसाचे मोठाले तुकडे शिजवले होते. पहाटे ते चंदेरी कागदात गुंडाळून, जुन्या टॉवेलांत बांधून त्यांनी लाल बर्फपेटीत भरले होते. बर्फ न घालता. बर्फपेटी गारवा धरते तशी ऊबही धरते. इकडे सगळे असंच करतात. मात्र वाढायच्या वेळेपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर सगळी ऊब निघून जाते. ती पेटी इथे गवतावर ठेवूनच बाबा पाव आणायला गेले होते.

माणसं जमली. शाळेच्या क्रीडामंडळाचे अध्यक्ष मिस्टर हॅनिगन लाल कोट घालून पुढे आले. गावात कुठेही चार माणसं जमली की भाषण त्यांचंच. त्यांनी भाषण केलं, पेटीपाशी गेले आणि थाटात झाकण उघडलं.

आत बर्फ होता. काठोकाठ.

कुणीतरी हसलं, पण एकटंच.

"वॉल्ट," हॅनिगन म्हणाले, "मांस कुठंय?"

"याच पेटीत होतं." बाबांचा चेहरा उतरला होता. "मी पाव आणायला गेलो तेव्हा पेटी इथेच होती."

"पाव आणायला? सकाळी तुझी गाडी बारसमोर दिसली म्हणे."

"बेकरी बारला लागूनच आहे. तुम्हाला ठाऊक आहे."

"मला बरंच काही ठाऊक आहे," हॅनिगन म्हणाले. "अख्ख्या गावाचं जेवण तुझ्या भरवशावर ठेवलं, ही माझीच चूक."

कुजबुज सुरू झाली. विकलं असेल. शिजवलंच नसेल. बाबांनी एकदा डेलियाकडे पाहिलं, अंगावरचा एप्रन काढून फळीवर ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"डेलिया," ऑगी दबक्या आवाजात म्हणाला, "खरं सांग. तुला काय वाटतं?"

डेलियाला रडू कोसळणार होतं. सकाळी आपणच थर्मास हुंगला, मग या लोकांना कुठल्या तोंडाने बोलायचं? "मला वाटतं," ती म्हणाली, "ते घरी यायला हवेत. बास. आता शोधू या."

"शोधायचं काय? पेटी तर इथेच आहे," ऑगी म्हणाला.

"इथे काळे चौकोन दोन आहेत," बर्डी म्हणाली. ती केव्हाची जमिनीवर पालथी पडली होती.

मैदानाच्या उंच बाकांची सावली अजून तिथे होती आणि सावलीतल्या गवतावर गोठलेलं दहिवर पांढरंशुभ्र पसरलेलं होतं. पेटी सरकवली, तर तिच्याखाली एक काळा ओला चौकोन. आणि शेजारीच दुसरा, तेवढाच, रिकामा.

"दोन पेट्या होत्या!" ऑगी म्हणाला.

"दोन्ही लाल," डेलिया म्हणाली. "असणारच. या गावात निळी पेटी घेईल कोण?" निळा रंग ब्रॅडी क्रीकचा. टॅनर फॉल्समध्ये निळे मोजे घातले तरी शेजारी तब्येतीची चौकशी करतात.

रिकाम्या चौकोनापासून दहिवरात दोन बारीक चाकोऱ्या गेल्या होत्या. "शाळेच्या छोट्या बॅटरीगाडीच्या आहेत," ऑगी म्हणाला. "पळा. ऊन आलं की सगळं वितळेल."

ऊन खरंच मागे लागलं होतं. तिघं वाकून माग काढत धावले. बाकांच्या टोकाशी उन्हाचा पट्टा आला आणि चाकोऱ्या दिसेनाशा झाल्या. पुढे फक्त ओलं गवत. पण गाडी जिथे वळली होती, तिथून पुढे एकच दार होतं. दारावर पाटी होती, 'पाहुणा संघ'.

"म्हणजे ब्रॅडी क्रीकवाले?" ऑगी थबकला. "ते आपल्याला कच्चं खातील."

"पोट भरलेलं असेल त्यांचं," डेलिया म्हणाली आणि तिने दार वाजवलं.

निळ्या जर्सीतला एक आडदांड मुलगा बाहेर आला. त्याने तिघांचे लाल स्वेटर पाहिले. "काय पाहिजे?"

"बर्फ आला का तुमच्याकडे?"

"बर्फ?" तो आत वळून ओरडला, "कोच, बर्फाचं विचारतायत!" आत हशा पिकला.

ब्रॅडी क्रीकच्या कोच बाईच होत्या, ठेंगण्याशा. त्या टॉवेलने हात पुसत आल्या. "आमच्या एकाचा घोटा मुरगळला म्हणून पेटी उघडली, तर आतून वाफा! पोरांना म्हटलं, हात लावाल तर याद राखा, कुणाचं तरी जेवण आहे. आत्ताच निरोप पाठवणार होते."

"कुणी आणून ठेवली?"

"तुमचे ते लाल कोटवाले. 'पाहुण्यांना बर्फ देणं आमची रीत आहे' म्हणाले. चांगलं लांबलचक बोलले."

ऑगीने कपाळावर हात मारला. डेलिया मात्र हसली नाही. "आत्ता नेऊन दिली तर लोक म्हणतील, बाबांनीच इथे आणून लपवली," ती म्हणाली. मग तिने त्या आडदांड मुलाला विचारलं, "पेटी ढकलत आणशील? पण मी हात वर करेपर्यंत कोपऱ्यावरच थांबायचं."

ती परत आली, तेव्हा लोक पांगायला लागले होते. आईही येऊन पोचली होती. ती बाबांच्या गाडीपासून चार पावलांवर, हाताची घडी घालून उभी होती. पुढे जात नव्हती आणि मागेही.

"मिस्टर हॅनिगन," डेलिया सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाहुण्यांना बर्फ कुणी नेऊन दिला?"

"मी," हॅनिगन म्हणाले. "स्वतःच्या हाताने. पाहुणचारात आपण कमी पडत नाही."

"त्याआधी पेटी कुठे ठेवली होती?"

"इथेच, वॉल्टच्या पेटीजवळ. जरा बोलत थांबलो होतो, मग उचलून बॅटरीगाडीत ठेवली आणि नेली."

"झाकण उघडून पाहिलंत?"

"बर्फ काय बघायचा?" असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज बारीक झाला.

डेलियाने हात वर केला. निळ्या जर्सीतले दोघं पेटी ढकलत आले. मागून त्यांच्या कोच आल्या. बर्डीने टुणकन उडी मारून झाकण उघडलं आणि धुराचा, मांसाचा वास त्या थंड हवेत पसरला.

मग हॅनिगन बाबांच्या गाडीशी गेले आणि काच खाली व्हायची वाट बघत उभे राहिले. आज त्यांना भाषण सुचलं नाही. "वॉल्ट, चूक माझी होती. आणि मी तुला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो. आता सगळ्यांसमोरच माफी मागतो." मग मुलांकडे वळून म्हणाले, "आमच्या डोळ्यांसमोर होतं ते या पोरांनी पाहिलं. शाबास रे."

"मी आधी पाहिलं," बर्डी म्हणाली.

बाबा उतरले. फळीवरचा एप्रन आईने उचलून त्यांच्यापुढे धरला. "मागच्या दाराची कडी बसत नाहीये," ती म्हणाली. "उद्या येऊन बघशील?"

"येतो," बाबा म्हणाले. त्यांनी एप्रन बांधला. मग निळ्या पोरांकडे पाहून म्हणाले, "तुमचा वाटा बांधून ठेवतो. खेळून झालं की या. फलकावर 'सगळ्यांना' लिहिलंय."

रांग लागली. मान खाली घालून आत जाणारेही आज रांगेत होते. डेलिया पाव उघडून द्यायला बाबांशेजारी उभी राहिली. बऱ्याच वेळाने ती पुटपुटली, "बाबा, सकाळी मी तुमचा थर्मास हुंगला."

"पाहिलं मी."

"सॉरी."

बाबांनी एका म्हातारबाबांच्या ताटलीत मांस वाढलं, मग थर्मास तिच्याकडे सरकवला. "उद्याही हुंग," ते म्हणाले. "परवाही. मला राग येणार नाही. एक दिवस तू हुंगायचं विसरशील, तोवर मी थांबेन."

डेलियाने थर्मास घेतला, कपात थोडी कॉफी ओतली आणि वास न घेताच प्यायली. फार कडू होती. तिने तोंड वाकडं केलं आणि पुढच्या माणसासाठी पाव उघडला.