डाव्या कानातला बोगदा

निहाराला कोडं पडलं होतं. दोन्ही कान एकाच दिवशी, एकाच सोनाराने टोचलेले. तरी उजवा अगदी ठणठणीत आणि डावा लालबुंद, ठणकणारा. असं का?

ती जन्मली चंद्रावरच्या संशोधनतळावर. तिथे डॉक्टर होते, सोनार नव्हता. त्यामुळे बाराव्या दिवशी टोचायचे कान सांगलीला आल्यावर नवव्या वर्षी टोचले गेले! शनिवारी ऋजुताआत्याचं लग्न होतं आणि आत्याने दिलेल्या मोत्यांच्या कुड्या निहाराला घालायच्या होत्याच होत्या.

“कानातली तार रोज फिरवत जा हं,” आत्याने बजावलं होतं, “नाहीतर चिकटून बसेल!”

शेवटी ती अप्पांकडे गेली. अप्पा म्हणजे तिचे आजोबा, त्वचेचे शास्त्रज्ञ. त्यांनी मुगाच्या दाण्याएवढा यंत्रमानव तिच्या डाव्या पाळीवर अलगद ठेवला. त्याचं नाव टिकली. टिकलीने प्रकाश टाकला आणि छिद्राचं आतलं चित्र भिंतीवर उमटलं.

“खरं सांग, दोन्ही कानांना सारखंच वागवलंस?” अप्पांनी विचारलं.

निहाराचा चेहरा पडला. “नाही. उजवा सुरुवातीला फार दुखायचा, म्हणून त्यातली तार फिरवलीच नाही. आत्याला मात्र फिरवली म्हणाले. डाव्यातली दिवसातून दहादा फिरवली.”

“म्हणजे जो लाडका, तोच आजारी!” अप्पा हसले. मग भिंतीकडे बोट दाखवत म्हणाले, “हे बघ. छिद्राच्या दोन्ही तोंडांकडून नव्या पेशी (शरीराचे अतिसूक्ष्म घटक) आत सरकताहेत. डोंगरात दोन्हीकडून बोगदा बांधत आणतात ना, तसं. मध्ये भेटल्या की बोगद्याला कातडीचं अस्तर मिळेल.”

“आणि तारेवरची ही खपली?”

“तो वाळलेला स्राव (जखमेतून पाझरणारं पाणी). तार फिरवली की तो आत ओढला जातो आणि कोवळं अस्तर फाटतं. पेशी बिचाऱ्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.”

निहारा भिंतीवरचं चित्र बघत राहिली. तिच्याच कानात एवढं काम चाललं होतं आणि ती रोज ते मोडत होती. तिला फार वाईट वाटलं.

“मग काय करू?”

“हात धुतल्याशिवाय कानाला लावायचा नाही. दोन वेळा सलाईनने (निर्जंतुक मीठपाणी) हलकेच पुसायचं. तार काढायची नाही, फिरवायची नाही. पू किंवा ताप आला तर तडक डॉक्टर.”

“आणि शनिवारी कुड्या?”

“निदान दीड-दोन महिने थांब. आतलं काम त्यानंतरही चालूच राहील.”

तिचे डोळे भरून आले. पण टिकलीच्या चित्रात एक पेशी हळूच पुढे सरकली, आणि तिने डोळे पुसले.

लग्नात नटूनथटून बसलेल्या आत्याने तिला जवळ ओढलं. “फिरवलीस का गं तार?” म्हणत तिने सवयीने निहाराच्या कानाकडे हात नेला. निहारा झटकन मागे सरकली.

“नाही आत्या, उजव्यातली तर कधीच फिरवली नव्हती. मी खोटं बोलले. आता दोन्हींना हात लावायचा नाही, आत काम चालू आहे!”

आत्याने निहाराच्या हातातली कुड्यांची डबी उघडली आणि आपले डूल काढून त्या स्वतःच्याच कानांत घातल्या.

“तुझा बोगदा बांधून होईपर्यंत मी सांभाळते,” ती म्हणाली.