शिडीचा कोट

छावणीच्या फाटकासमोर माझं शिंप्याचं दुकान आहे. पुढं काउंटर, मागं दोन मशीन, खिडकीशी इस्त्रीचं टेबल. पंचेचाळीस वर्षं जवानांचे कपडे शिवले. सगळे मला मास्तर म्हणतात, पण अक्षरं मी पन्नाशीनंतर शिकलो. तोवर फक्त आकडे यायचे, म्हणून मापाच्या कार्डावर नावाऐवजी चित्र काढायचो. एका उंच, लांब हातांच्या पोराच्या कार्डावर शिडी काढली होती, कारण पलटणीत त्याला शिडीच म्हणायचे. माझा मुलगा बुटका आणि गोल. त्याच्या कार्डावर गुंडी. तेच त्याचं नाव पडलं.

दोघं एकाच दिवशी भरती झाले. परेडचे कोट मीच शिवले. छाती दोघांचीही छत्तीस. बाही मात्र शिडीची सव्वीस आणि गुंडीची साडेबावीस.

"बाबा, माझ्या बाहीचं उरलेलं कापड कुठं गेलं?" गुंडीनं विचारलं होतं.

"शिडीला दिलं. त्याला कमी पडत होतं."

शिडी इतका हसला की टाचणी टोचली त्याला.

पुढं सरहद्दीवर त्यांची गाडी पेटली. शिडीनं तिघांना ओढून बाहेर काढलं. चौथ्यासाठी तो परत आत गेला आणि आलाच नाही. वय तेवीस. तिसरा माझा गुंडी होता. पायाला भाजल्याची खूण घेऊन तो घरी आला आणि इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहिला, तो कायमचा. शिडीला पदक मिळालं. पदकासोबत आलेला कागद मला वाचता येईना, दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटली. अक्षरं शिकलो ती तेव्हा.

दर सन्मानदिनाला पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर शिडीचा कोट ठेवत, त्यावर पदक. त्याची आई, आम्ही तिला माई म्हणतो, आठवडाभर आधी कोट ट्रंकेतून काढून माझ्याकडे इस्त्रीला आणायची. ती दुकानाची पायरी चढली की गुंडी मागच्या दारानं निघून जायचा. तो कोट कायम मीच इस्त्री केला.

सहाव्या वर्षी माई म्हणाली, "मास्तर, छातीत आवळतोय हो."

"कुणाला?"

"कोट. आणखी कुणाला?"

मी हसलो. पोर गेलेल्या आईला काय बोलायचं? पण कोट पुतळ्यावर चढवला तर तिसरं बटण ताणलं जात होतं. लोकर आटली असेल म्हणून टेप लावला. पाठीची उंची होती तेवढीच. कापड आटलं तर उंचीलाही आटतं, एका बाजूनं आटत नाही. मी बाजूची शिवण उसवली, आत दुमडलेली माया, म्हणजे जादा कापड होतं, त्यातून अर्धा इंच सोडला आणि कोट माईला परत दिला.

मग हे दर दोन वर्षांनी होऊ लागलं. छाती अडतीस. मग एकोणचाळीस. माया संपली तेव्हा त्याच ताग्यातलं राखून ठेवलेलं कापड काढून बगलेखाली पट्ट्या जोडल्या. कॉलरच्या आतून घामाची कड धरायची. कोपरं चकाकायला लागली, टेबलावर हात टेकून बसणाऱ्या माणसाची चकाकतात तशी. ट्रंकेतल्या कोटाची कोपरं झिजत नाहीत, हे मला कुणी सांगायला नको.

एकदा घरचे शर्ट शिवायला गुंडीचं माप घेतलं. छाती एक्केचाळीस, पोट चाळीस. आदल्याच आठवड्यात शिडीचा कोट सैल केला होता. त्याचा आकडा कार्डावर होता. छाती एक्केचाळीस, पोट चाळीस. मी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, बघितली आणि वेगवेगळ्या खणांत टाकली.

शिडी गेल्याला यंदा तेवीस वर्षं झाली. सन्मानदिनाच्या समितीचे चिटणीस स्वतःच माईकडून मागवलेला कोट घेऊन दुकानात आले. सभागृहात काचेचं कपाट केलंय, म्हणाले. त्यात कोट कायमचा.

"पण मास्तर, हा असा कसा झालाय? घोंगडं आहे की कोट? पहिल्या मापावर आणा."

"माईंना विचारलंत?"

"कोट सरकारी आहे. अहो, लोक फोटोतला तेवीस वर्षांचा पोरगा बघायला येणार. ढेरपोट्या शूर बघायला कोण येतं?"

आपल्या विनोदावर ते हसले. छावणीच्या शिवणकामाच्या कागदावर त्यांचीच सही लागते. पण खरं सांगायचं तर मी त्या सहीच्या धाकानं तयार झालो नाही. दर वर्षी त्या खुर्चीच्या मागच्या रांगेत बसून, माझा जिवंत आहे हे माईच्या नजरेपासून लपवत मी थकलो होतो. ती खुर्ची गेली तर बरं, असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई आली. पायरीवरच उभी राहिली.

"मास्तर, आवळू नका त्याला. तेवढंच तर चाललंय त्याचं."

"माई, मान होतोय पोराचा."

"मान?" ती म्हणाली. "बाहेर काढायला एक जण गेला नाही. काचेत घालायला सगळे आले."

ती गेली. मी पट्ट्या उसवायला घेतल्या. इस्त्री अजून लावलेली नव्हती, पण बगलेखालचं कापड कोमट होतं. सुई दोनदा मोडली. पहिली बाजू आत घेतली तेव्हा मागं टेबलाशी गुंडीनं शर्टाचं वरचं बटण काढलं.

"बाबा, दम लागल्यासारखं होतंय."

"पंखा लाव."

दुसरी बाजू घेतली. छत्तीसवर टाचण्या लावल्या, टीप मारली. तो खिडकीची कड धरून उभा होता. "झालं, बरं वाटतंय," म्हणाला.

सन्मानदिनाला भाषणं झाली, पडदा ओढला, काच सील केली. टाळ्या वाजल्या. माई आलीच नव्हती. परतताना गुंडी पँट वर ओढत चालत होता.

महिन्यात त्यानं कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. जेवण पहिल्यासारखंच, उलट जास्त. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचे फोटो काढले. "काही नाही, उलट तब्येत सुधारलीय," म्हणाले. मी टेप लावला. एकोणचाळीस. पंधरा दिवसांनी अडतीस.

मी चिटणिसांकडे गेलो.

"साहेब, काच उघडा. एक शिवण सोडायचीय. दहा मिनिटांचं काम."

"कशाला? मस्त बसलाय कोट."

"माझी चूक झालीय मापात."

"मास्तर, तो आता तुमचाही नाही आणि माझाही नाही." त्यांनी फाईल ओढली. "आणि वय झालं तुमचं. बसा घरी आता."

येताना सभागृहात डोकावलो. कोट काचेमागं ताठ होता. पुतळ्याला डोकं नसतं, तरी मी मान वर करूनच बघितलं.

छत्तीसवर गुंडी थांबला. मला हायसं वाटलं. तेवीस वर्षं मागं गेला, जाऊ दे, जिवंत तर आहे. भाजलेल्या पायावरची कातडी सुद्धा गुळगुळीत दिसायला लागली होती. नवे शर्ट शिवायला घेतले.

जुन्या शर्टाच्या बाह्या त्याच्या मनगटाच्या बऱ्याच वर होत्या.

"हात सरळ कर," मी म्हणालो.

खांद्यापासून टेप सोडला. मनगटावर बोट ठेवलं. आकडा वाचला.

टेप सोडून पुन्हा लावला.

सव्वीस. गुंडीच्या कार्डावर बाही साडेबावीस होती.

माणूस बारीक होतो, जाड होतो. वय झालं की वाकतो. हाडाचं माप वाढत नाही.

मी कार्डावर काही लिहिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. ओळखीचं बघणं होतं, पण गिऱ्हाईक बघतं तसं.

तेवढ्यात पायरी वाजली. माई होती. कोट गेल्यापासून पहिल्यांदा आली होती, हातात भाजीची पिशवी. मला वाटलं, गुंडी मागच्या दाराकडे वळेल. तो हलला नाही.

"मास्तर," माई म्हणाली, माझ्याकडे न बघता, "दुपारचं जेवायला घेऊन जाऊ याला?"

 त्यानं इस्त्रीची तार काढली, तिच्या हातातून पिशवी घेतली आणि दोघं पायरी उतरले.

मी फाटकापर्यंत गेलो. तेवीस वर्षांत गुंडीनं त्या बाईच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. तिचं घर कुठल्या गल्लीत आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. चौकात माई धापा टाकत थांबली. तो थांबला नाही. लांब हातात पिशवी हलवत पुढं गेला, डावीकडच्या गल्लीत वळला, आणि माई त्याच्या मागोमाग गेली.